माजघरांतला संगणक

संस्कृत शिकविण्यांत जन्म घालविलेल्या मास्तरानें संगणकाविषयीं लिहावें, हें वाचकांस थोडें चमत्कारिक वाटेल. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंत. पुढें चार वर्षें पाठशाळेंत व्याकरण केलें, आणि मग तेहतीस वर्षें मुलांकडून शब्द चालवून घेतले. संगणकाशीं माझा संबंध आला तो निवृत्तीनंतर, आणि तोहि हौसेनें नव्हे. परंतु गेल्या वर्षीं आमच्या घरांत जें कांहीं घडलें त्यांतून मला एक गोष्ट उमजली, आणि ती केवळ संगणकापुरतीच आहे असें मला वाटत नाहीं. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांस ती सांगावी म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचें घर वाईचें. घरांत नऊ माणसें: माझी आई, आम्ही उभयतां, धाकटे बंधू व भावजय, पुतण्या, मुलगा, सूनबाई आणि नात. फोन जवळजवळ प्रत्येकाच्या हातांत आहे. पण संगणक एकच, आणि तो माजघरांत, खिडकीशीं मांडलेल्या टेबलावर. दिवसां त्यावर सूनबाई काम करते. पुण्याच्या एका कचेरीचे हिशेब ती घरीं बसूनच पाहते. रात्रीं पुतण्याचा अभ्यास चालतो. टेबलासमोर, भिंतीला लागून, आईची आरामखुर्ची. आईचें वय ८७. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेले आहेत. मोठें अक्षर दिसतें, बारीक दिसत नाहीं. कान मात्र अद्याप शाबूत आहेत.

माझे वडील १९९६ सालीं वारले. व्यवसायानें तेहि मास्तरच. पण चातुर्मासांत रोज रात्रीं आमच्या ओसरीवर पुराण सांगत. आळींतलीं पंधरावीस माणसें जमत. धाकट्या बंधूंनीं पहिल्या पगारांतून टेपरेकॉर्डर घेतला होता. त्यावर १९८७ ते १९९३ या सालांत त्यांनीं वडिलांचीं कांहीं पुराणें उतरवून ठेवलीं. प्रत्येकी नव्वद मिनिटांच्या अशा चौदा कॅसेटी, म्हणजे एकूण एकवीस तासांचा आवाज. वडील गेल्यावर आई त्या अधूनमधून ऐकत असे. पुढें टेप जुना झाला, फीत अडकूं लागली, आणि एकदां तर तिचा गुंता होऊन ती हातांनीं उलगडावी लागली. तेव्हां पुतण्या म्हणाला, "काका, हें सगळें संगणकांत उतरवून घेऊं. फीत तुटली तर मग उपाय नाहीं."

त्यानें चांगल्या स्थितींतला एक टेप पैदा केला, कानाला लावण्याच्या यंत्रासाठीं त्याला जें भोंक असतें त्यांतून तार काढून ती संगणकाला जोडली, आणि ऑडॅसिटी नांवाच्या मोफत सॉफ्टवेअरनें ध्वनि उतरवून घेतला. या कामांत घाई चालत नाहीं. नव्वद मिनिटांची कॅसेट उतरवावयास नव्वद मिनिटेंच लागतात. फीत आपल्या गतीनें फिरते, तितका वेळ थांबावें लागतें. तीन आठवड्यांनीं चौदाहि कॅसेटी संगणकांत आल्या. आवाजाचा कोणताहि अंश गळूं नये म्हणून त्या फ्लॅक या प्रकारांत सांठविल्या. मधूनमधून कोणाचा खोकला, भांड्यांचा आवाज, कोणाचें तरी बोलणें ऐकूं येई. तें सारें कापून काढून केवळ पुराण ठेवावें, असें मीं पुतण्यास सांगितलें होतें. त्याची परीक्षा जवळ आली म्हणून तें काम राहून गेलें.

आतां प्रश्न आला तो आईला हें ऐकवावयाचें कसें हा. संगणकाचा बाण तिला दिसत नाहीं, आणि फायलींचीं नांवें मुंगीएवढीं. दर वेळीं कोणाला तरी हांक मारून "अमकें लाव" म्हणणें तिच्या स्वभावांत नाहीं. तेव्हां पुतण्यानें कोडी नांवाचें एक सॉफ्टवेअर बसविलें. ज्याला 'मीडिया सेंटर' म्हणतात तो हा प्रकार. घरांत सांठविलेलीं गाणीं, चित्रपट, छायाचित्रें एका जागीं मोठ्या अक्षरांत मांडावयाचीं, आणि आठदहा फुटांवर बसलेल्या माणसाला हातांतल्या रिमोटच्या चार बाणांनीं तीं निवडूं द्यावयाचीं, हें त्याचें काम. स्वतःजवळचें असें तें कांहीं देत नाहीं. तुमच्यापाशीं असेल तेवढेंच वाजवितें. आमची नात विचारूं लागली, "आजोबा, कोडी म्हणजे पुष्कळ कोडीं का?" तेव्हां आम्ही हंसलों. पुढें तिचें म्हणणें खरें ठरलें.

येथें थोडें मागें जाऊन सांगितलें पाहिजे. आमच्या संगणकावर लिनक्स आहे. १९९१ सालीं फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें त्याचा आरंभ केला. त्याच्या आधीं, १९८३ सालीं, अमेरिकेंत रिचर्ड स्टॉलमन यांनीं ग्नू हा संकल्प जाहीर केला होता. संगणकाचें सॉफ्टवेअर कोणालाहि वाचतां यावें, बदलतां यावें आणि वांटतां यावें, हा त्या संकल्पाचा गाभा. आपल्याकडे पोथी नकलून घेणाराला कोणी अडवीत नसे, तसाच हा व्यवहार. लिनक्सवर पडद्याची जी एकंदर व्यवस्था असते, म्हणजे खिडक्या, याद्या, दारें, कुलुपें, तिला डेस्कटॉप म्हणतात. आमच्याकडे ग्नोम नांवाचा डेस्कटॉप आहे. मिगेल दि इकाझा आणि फेदेरिको मेना यांनीं तो १९९७ सालीं सुरूं केला. त्याचें मराठी भाषांतरहि झालेलें आहे. त्यामुळें याद्या मला मराठींत वाचतां येतात. त्यासाठीं जो अक्षरसंच आम्हीं घेतला त्याचें नांव लोहित. लोहित म्हणजे तांबडा. आपला जुना शब्द परक्या यंत्रांत भेटल्यावर मास्तराला बरें वाटतें.

कोडीचा जन्म वेगळ्या घरचा. मायक्रोसॉफ्टचें एक्सबॉक्स म्हणून खेळाचें यंत्र होतें. त्यावर चित्रपट आणि गाणीं चालावींत म्हणून कांहीं हौशी मंडळींनीं २००२ सालीं एक्सबॉक्स मीडिया प्लेअर तयार केला. पुढल्याच वर्षीं त्याचें एक्सबॉक्स मीडिया सेंटर झालें. २००८ सालीं तें लिनक्सवर व इतर संगणकांवर रीतसर आलें, आणि २०१४ सालीं चौदाव्या आवृत्तीबरोबर त्याचें नांव कोडी असें ठेवण्यांत आलें. हा इतिहास मीं उगाच सांगितला नाहीं. ज्या यंत्रावर तें लहानाचें मोठें झालें तेथें पडदा सगळा त्याचा, आवाज सगळा त्याचा. शेजारीं दुसरें कोणी नव्हतें. एकुलत्या एका मुलासारखें तें वाढलें. तें आमच्या माजघरांत, म्हणजे नऊ माणसांच्या संगणकावर, नांदावयास आलें.

पहिली व्यवस्था अशी होती कीं संगणक सुरूं करून आंत शिरलें कीं डेस्कटॉप यावा आणि त्यावर कोडी आपोआप उघडावें. तें उघडलें कीं सारा पडदा व्यापून टाकी. सूनबाई सकाळीं कामाला बसे तेव्हां तिची खिडकी कोठें गेली हें तिला सांपडेना. मग पुतण्यानें सांगितलें, कीं उलटी तिरकी रेघ असलेली कळ दाबली म्हणजे कोडी आंखडतें आणि साध्या खिडकीएवढें होतें. पुन्हां दाबली कीं पसरतें. ही एक अडचण सुटली. दुसरी आवाजाची. पुतण्यानें आवाज उत्तम यावा म्हणून कोडीला ध्वनियंत्राशीं सरळ जोडून दिलें होतें. त्यामुळें आईचें पुराण चालूं असेल तोंवर संगणकांतल्या दुसऱ्या कोणाला तोंड उघडतां येत नसे. सूनबाईची कचेरींतल्या मंडळींशीं बैठक असे, आणि तिला समोरच्यांचे ओंठ हालतांना दिसत, शब्द ऐकूं येत नसे. ती कांहीं बोलली नाहीं. पुराण संपेपर्यंत थांबली. हें मला मागाहून कळलें.

तिसरी अडचण सर्वांत वाईट. आषाढी एकादशीची संध्याकाळ होती. घरचीं सारीं देवळांत गेलीं होतीं. मी जरा आधीं परत आलों. माजघरांत दिवा नव्हता. आंतून वडिलांचा आवाज येत होता. पाहतों तों पडद्यावर पासवर्ड मागणारी चौकट, समोर आई, आणि तिच्या दोन्ही हातांत रिमोट घट्ट धरलेला. पांच मिनिटें कोणी कळ दाबली नाहीं म्हणून डेस्कटॉपनें कुलूप लावलें होतें. आवाज कुलुपाआड चालूंच होता, पण रिमोटच्या बटणांना तो पडदा दाद देईना. तिला पुराण थांबवावयाचें होतें, कारण देवाजवळ दिवा लावण्याची वेळ झाली होती. आणि तें चालूं ठेवून, पुराण सांगणाराकडे पाठ करून, उठून जाणें तिला प्रशस्त वाटेना. मला पाहून ती म्हणाली, "मी कांहीं बिघडवलं का रे?"

त्यानंतर नऊ दिवस तिनें रिमोटला हात लावला नाहीं. आम्ही विचारलें कीं म्हणे, "नको, पोरांचं काम असतं त्यावर." हें वाक्य ज्यांनीं आपल्या घरांत ऐकलें असेल त्यांना त्याचा अर्थ सांगावयास नको. म्हातारें माणूस घरांतली आपली जागा आपण होऊन एकेक वीत आंखडूं लागतें, तें असेंच बोलून.

मला संताप आला, आणि तो मीं यंत्रावर काढला. पुतण्यास म्हटलें, "हा डेस्कटॉपच काढून टाक. संगणक फक्त आईच्या पुराणाचा राहूं दे." असें करतां येतें. लिब्रइलेक नांवाची एक लिनक्सची मांडणी आहे. तींत संगणक सुरूं केला कीं कोडी आणि बंद करीपर्यंत कोडीच, दुसरें कांहीं नाहीं. पुतण्या गप्प राहिला. रात्रीं पानावर बसलों असतां सूनबाई वाढतां वाढतां म्हणाली, "मामंजी, मग मी माझं काम वरच्या खोलींत फोनवर करीन. थोडं हळू होईल, पण होईल." तिच्या बोलण्यांत तक्रार नव्हती, आणि म्हणूनच घास माझ्या घशांत अडकला. जी गोष्ट आईनें नऊ दिवसांपूर्वीं केली होती तीच ही मुलगी आतां करीत होती. दोघीहि माझ्या घरांत आपापली जागा आंखडून घेत होत्या. आमच्या घरांतून मात्र स्पष्ट शब्द आले: "अहो, संगणक सासूबाईंचा कीं सूनबाईचा, असा तंटा दोघींपैकीं एकीनंहि मांडलेला नाहीं. तो तुम्हींच मांडतां आहांत."

रात्रीं झोंप येईना. तेव्हां मला माझ्याच वर्गांतला फळा आठवला. द्वंद्व समास शिकवून झाला कीं त्याच्या शेजारीं मी एकशेष लिहीत असें. 'रामलक्ष्मण' म्हटलें म्हणजे रामहि राहतो आणि लक्ष्मणहि राहतो. दोन्ही पदें सारख्याच मानाचीं. परंतु माता आणि पिता या दोघांसाठीं संस्कृतांत 'पितरौ' असा एक शब्द चालतो. त्यांत पित्याचें पद उरतें, मातेचें गळून पडतें. अर्थानें ती आंत असते, पण ऐकूं येत नाहीं. एकशेष सोपा, कारण त्यांत लिहावें कमी लागतें, असें मी मुलांना सांगत असें. माझा उपाय या एकशेषाचाच होता. सोपा होता, कारण त्यांत विचार कमी करावा लागत होता.

दुसऱ्या दिवशीं मीं पुतण्यास जवळ बसवून विचारलें, "चूक कोणाची? कोडीची कीं डेस्कटॉपची?" तो म्हणाला, "काका, दोघांचीहि नाहीं." मग त्यानें जें सांगितलें तें मला फार मोलाचें वाटलें. लिनक्सवर डेस्कटॉप एकच नाहीं. ग्नोमच्या आधीं, १९९६ सालीं, मथियस एट्रिख या जर्मन तरुणानें केडीई सुरूं केला होता. दोन्ही घराणीं मानी. एकाच्या चालीरीतींवर वाढलेलें सॉफ्टवेअर दुसऱ्याकडे परकें दिसे. तेव्हां २००० सालीं हॅवक पेनिंग्टन यांनीं फ्रीडेस्कटॉप या नांवानें एक बैठक सुरूं केली. दोन्ही घराण्यांनीं एक व्हावें असें तेथें कोणी म्हटलें नाहीं. केवळ एकमेकांच्या दारावर थाप कशी मारावी, एवढें ठरलें. सॉफ्टवेअरनें आपलें नांव, चित्र आणि आरंभाची आज्ञा कोणत्या चिठ्ठींत लिहून ठेवावी. एकानें दुसऱ्याला निरोप कोणत्या वाटेनें पाठवावा. "आतां माझें चित्र चालूं आहे, कुलूप लावूं नको" हें कोणत्या शब्दांत सांगावें. अशा या बारीकसारीक रीती. निरोपाच्या त्या वाटेला डीबस म्हणतात.

"मग त्या दिवशीं कुलूप कां लागलें?" मीं विचारलें. तो म्हणाला, "पडद्यावर चित्र चालूं असलं म्हणजे कोडी तसा निरोप पाठवतं. पण आजी नुसता आवाज ऐकत होती, पडद्यावर यादी होती. त्यामुळें निरोप गेला नाहीं. डेस्कटॉपला वाटलं कोणी नाहीं, म्हणून त्यानं आपलं काम केलं." राखणदारानें रिकामें घर समजून कडी घातली, आणि आंत माणूस होतें. यांत राखणदाराला शिक्षा कशाची करावयाची?

त्यानंतर आम्ही दोघांनीं मिळून जी व्यवस्था केली ती येथें सांगतों. कोणाला उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, आईच्या नांवानें संगणकांत स्वतंत्र खातें उघडलें. लिनक्सवर प्रवेशाच्या वेळीं आपलें नांव निवडावयाचें असतें, आणि त्याबरोबरच आंत कोणत्या व्यवस्थेनें जावयाचें तेंहि निवडतां येतें. कोडी बसविलें कीं त्या यादींत डेस्कटॉपच्या शेजारीं त्याचेंहि नांव येतें. आईच्या खात्यासाठीं आम्हीं कोडी निवडलें; इतरांसाठीं ग्नोम. एकदां केलेली निवड ज्याच्या त्याच्या नांवावर राहते. आईच्या खात्यांत डेस्कटॉप उघडतच नाहीं, त्यामुळें तेथें कुलूप लावणारा कोणी नाहीं. आणि संगणक सुरूं झाला कीं पासवर्ड न विचारतां तिचेंच खातें उघडावें, असें ठेवलें. त्या खात्याला यंत्रांत कांहीं बदलण्याचा अधिकार नाहीं, त्यामुळें भीतीचें कारण नाहीं.

दुसरी गोष्ट भांडाराची. पुराणांच्या फायली पूर्वीं पुतण्याच्या खात्यांत होत्या. एकाच्या खात्यांत दुसऱ्यानें शिरूं नये ही रीत योग्यच; पण मग आईच्या कोडीला त्या दिसणार कशा? म्हणून त्या सर्वांच्या खात्यांबाहेर, एका सामाईक जागीं ठेविल्या. वाचण्याचा अधिकार घरांतल्या सर्वांना, लिहिण्याचा केवळ मला आणि पुतण्याला. कोडी आपली सूची आपल्यापाशीं वेगळी बांधतें. ती बिघडली तरी मूळ आवाजाला धक्का लागत नाहीं. शिवाय सर्व भांडाराची एक नक्कल दुसऱ्या डिस्कवर करून ती बंधूंच्या खोलींत ठेवली आहे.

तिसरी गोष्ट आवाजाची. लिनक्सवर पाइपवायर नांवाचा एक ध्वनीचा कारभारी असतो. प्रत्येकानें यंत्राला सरळ हात न घालतां आपला आवाज त्याच्या स्वाधीन करावा. तो सर्वांचे आवाज एकत्र करून पुढें पाठवितो. कोडीच्या सेटिंगमध्यें सरळ यंत्राऐवजीं हा कारभारी निवडला. सूनबाईच्या डेस्कटॉपवरहि कोडी लहानशा खिडकींत चालतें. तेथें आतां पुराण चालूं असतांना बैठकीचा आवाजहि येतो, आणि दोहोंचा चढउतार वेगवेगळा करतां येतो.

चौथी गोष्ट माझ्या वांट्याला आली. कोडी फायलीचें बाहेरचें नांव मानीत नाहीं. फायलीच्या आंत लिहिलेली माहिती वाचून ती संग्रह लावतें. कलाकार कोण, संग्रह कोणता, साल कोणतें, विषय काय, हे रकाने भरावे लागतात. चौदा कॅसेटींच्या अठ्ठावीस बाजू मीं पुन्हां ऐकल्या आणि देवनागरींत रकाने भरले. प्रथम पडद्यावर अक्षरांच्या जागीं चौकोन दिसले. अक्षरसंच बदलल्यावर नांवें वाचतां येऊं लागलीं. 'कलाकार' या रकान्यांत वडिलांचें नांव लिहितांना हात थोडा थांबला. आपल्याला कोणी कलाकार म्हणेल हें त्यांच्या स्वप्नांतहि नसेल.

या व्यवस्थेंत उणीव नाहीं असें नाहीं. आईचें खातें आणि सूनबाईचें खातें एकाच वेळीं पडद्यावर राहूं शकत नाहींत. सकाळीं दहा वाजतां सूनबाई कोडींतून बाहेर पडण्याचें बटण दाबते, प्रवेशाचा पडदा येतो, आणि ती आपल्या नांवानें आंत जाते. संध्याकाळीं पांच वाजतां संगणक पुन्हां सुरूं करून आईच्या स्वाधीन करते. म्हणजे दिवसांतून दोनदां ती आजेसासूशीं दोन शब्द बोलते. पूर्वीं तेवढेंहि घडत नव्हतें. तिच्या फोनवर कोरे नांवाचा कोडीचा रिमोट आहे. पुराण फार मोठ्यानें लागलें तर ती स्वयंपाकघरांतूनच आवाज कमी करते. आणि सॉफ्टवेअरची नवी आवृत्ति सणावाराच्या आदल्या दिवशीं बसवावयाची नाहीं, असा एक नियम आम्हीं घातला आहे. तो अनुभवानें घातला, हें सुज्ञांस सांगणें नलगे.

हें सारें झाल्यावर माझ्या ध्यानांत आलें कीं आम्हीं कोडीचा डेस्कटॉप केला नाहीं, आणि डेस्कटॉपचें कोडी केलें नाहीं. उंबरठा एक ठेवला, भांडार एक ठेवलें, आवाजाचा कारभारी एक ठेवला, आणि खोल्या दोन ठेवल्या. एकीकरण म्हणजे दोहोंचें मिश्रण करणें, असें मी समजत होतों. दोघांनाहि आपापल्या स्वभावानें राहतां यावें म्हणून कांहीं मोजक्या गोष्टी सर्वांच्या मालकीच्या करणें, हा त्याचा खरा अर्थ आहे.

आतां शेवटची गोष्ट. आई पुन्हां पुराण ऐकूं लागली. पण ती नेहमीं सातव्या कॅसेटीची दुसरी बाजू लावी. मला वाटे, गजेंद्रमोक्षाची कथा तिला आवडत असेल. एके दिवशीं मी तिच्याजवळ बसून राहिलों. कथा रंगांत आली असतां वडील मध्येंच थांबले आणि म्हणाले, "अगं, समईंत तेल घालतेस ना?" आणि दूरून एक ठसठशीत आवाज आला, "मघाशींच घातलंय. तुम्ही पुढं सांगा." मंडळी हंसलीं. वडीलहि हंसले, आणि पुढें सांगूं लागले.

हा आवाज मीं रकाने भरतांना ऐकला होता, आणि व्यत्यय म्हणून सोडून दिला होता. पुतण्याची परीक्षा आड आली नसती तर तो आज उरलाहि नसता.

आई म्हणाली, "मी पण आहे त्यांत. तुझ्या यादींत नाहीं."

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मीं त्या फायलीचा 'कलाकार' हा रकाना उघडला, वडिलांच्या नांवापुढें एक तिरकी रेघ ओढली आणि तिच्यापुढें आईचें नांव लिहिलें. रेघेच्या दोन्ही बाजूंस थोडी जागा सोडली कीं कोडी तीं दोन माणसें समजतें. पुतण्यानें एक खूण बदलली, संग्रहाची पुन्हां पाहणी करविली, आणि आवाज कापण्याचें काम मीं त्याच्या यादींतून कायमचें काढावयास लावलें.

संध्याकाळीं आईनें रिमोट हातांत घेतला. कलाकारांच्या यादींत आतां दोन ओळी होत्या. दुसरी ओळ तिनें एकेक अक्षर लावून वाचली, आणि म्हणाली, "इतक्या मोठ्या अक्षरांत माझं नांव लग्नपत्रिकेंतहि नव्हतं."

मग तिनें सातवी कॅसेट लावली.